जॉन्सन यांनी झाकलेला हिशेब

२८ जुलै १९६५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पत्रकार परिषद घेतली ती भर दुपारी. रात्री सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असताना भाषण करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो त्यांनी टाळला. व्हिएतनाममधलं अमेरिकी सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेत असल्याचं त्यांनी सांगितलं, लागेल तसं आणखी पाठवू असंही जोडलं. सक्तीच्या भरतीचा महिन्याचा आकडा १७ हजारांवरून ३५ हजारांवर जाणार होता. मात्र राखीव दलांना बोलावणं नाही आणि नवा करही नाही. त्याच बैठकीत सर्वोच्च न्यायालयासाठी एब फोर्टस यांचं नावही जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत युद्धाची बातमी तेवढी विभागली गेली. दोन दिवसांनी जॉन्सन मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी गेले आणि माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या शेजारी बसून त्यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. वयाची पासष्टी गाठलेल्यांना सरकारी आरोग्यविमा देणारा हा कायदा. आणखी आठवड्याने, ६ ऑगस्टला, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क खऱ्या अर्थाने मिळवून देणारा कायदा झाला.

दहा दिवसांतल्या या तीन घटना एका माणसाच्या हातून घडल्या, म्हणून जॉन्सन यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण त्यांचे दोन तुकडे करतात. एक गरिबांचा कैवारी, दुसरा व्हिएतनाममध्ये बॉम्ब टाकणारा. मग युद्ध बाहेरून आलं आणि त्याने चांगल्या जॉन्सनना गिळलं, अशी शोकांतिका सांगितली जाते. ही मांडणी सोयीची आहे, पण कागदपत्रं तिला साथ देत नाहीत. युद्धाचा खरा आकार लोकांपासून लपवायचा, हा निर्णय जॉन्सन यांनी स्वतः घेतला आणि तो सुधारणा वाचवण्यासाठीच घेतला. सुधारणांचा घात झाला तो त्या लपवाछपवीमुळे.

जॉन्सन यांना गरिबी पुस्तकातून कळलेली नव्हती. टेक्सासच्या डोंगराळ, कोरड्या भागात त्यांचा जन्म झाला. शिकत असताना पैशांसाठी वर्षभर त्यांनी कोटुला गावात मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवलं. त्यातली कितीतरी मुलं सकाळी उपाशीपोटी शाळेत येत. पुढे खासदार झाल्यावर आपल्या भागातल्या शेतघरांना वीज मिळावी म्हणून त्यांनी दूर बसलेल्या वॉशिंग्टनचा पिच्छा पुरवला आणि ती मिळवली. पण याच माणसाने १९३७ पासून वीस वर्षं नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध मत दिलं. १९४८ मध्ये सिनेटच्या उमेदवारीची लढत त्यांनी अवघ्या ८७ मतांनी जिंकली आणि त्या मतमोजणीवरचा संशय कधीच फिटला नाही. मतं कशी जमवायची, कुणाला कशाची भूक आहे, कुणाला कशाची भीती आहे, हे ओळखण्यात सिनेटमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

नोव्हेंबर १९६३ मध्ये डॅलसला केनेडींची हत्या झाली आणि जॉन्सन विमानातच शपथ घेऊन अध्यक्ष झाले. केनेडींचं नागरी हक्क विधेयक तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या एका समितीत अडकून पडलं होतं. व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ त्या समितीचे अध्यक्ष होते आणि विधेयक बाहेर येऊच नये असा त्यांचा प्रयत्न होता. तिथून ते सुटलं तर पुढे सिनेट होतं. सिनेटमधल्या दक्षिणेच्या फळीचं नेतृत्व जॉर्जियाच्या रिचर्ड रसेल यांच्याकडे होतं आणि रसेल हे जॉन्सन यांना राजकारणात गुरुस्थानी. भाषणांमागून भाषणं करून विधेयक मारायचं, हे त्यांचं जुनं हत्यार. १९६४ च्या मार्चअखेरीपासून जूनपर्यंत सिनेटमध्ये दुसरं जवळजवळ काही झालंच नाही. चर्चा थांबवण्याचा ठराव १० जूनला मतास आला, तेव्हा मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आले. नाव पुकारल्यावर बोलता येईना म्हणून त्यांनी हात उचलून डोळ्याकडे बोट दाखवलं आणि त्यांचा होकार नोंदवला गेला. ७१ विरुद्ध २९ मतांनी ठराव संमत झाला. ३३ रिपब्लिकन सिनेटरांपैकी २७ जणांनी बाजूने मत दिलं. त्यांचे नेते एव्हरेट डर्कसन यांच्या मागे जॉन्सन आणि सिनेटर ह्युबर्ट हम्फ्री कित्येक आठवडे लागले होते.

या लढाईचं महत्त्व निकालापुरतं नव्हतं. तीन महिने देशाने दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐकले. चर्चमधून, कामगार संघटनांमधून, वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारातून वाद झडला. हॉटेलं, उपाहारगृहं अशा सार्वजनिक ठिकाणी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या या कायद्यावर २ जुलैला जॉन्सन यांनी सही केली. अटलांटातल्या एका मोटेलमालकाने कायद्याला आव्हान दिलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये एकमताने कायदा उचलून धरला. दक्षिणेत चीड होती, हिंसाही झाली. पण हा कायदा चोरपावलांनी आला असं म्हणायची सोय त्याच्या शत्रूंनाही राहिली नाही.

सहीचं श्रेय जॉन्सन यांना देताना एक गोष्ट सांगायलाच हवी. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर पोलिसांचे कुत्रे अंगावर घेणारी शाळकरी मुलं नसती, मिसिसिपीत मतदारनोंदणीसाठी फिरताना मारले गेलेले कार्यकर्ते नसते, तर हे कायदे टेबलावर आलेच नसते. मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्यक्षांना थांबू दिलं नाही. जॉन्सन यांचं मोठेपण असं, की दारावर थाप पडल्यावर त्यांनी दार उघडलं आणि आपल्या दक्षिणेतल्या आयुष्यभराच्या मित्रांचा रोष पत्करला.

त्याच उन्हाळ्यात दुसरा एक ठराव आला. २ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी मॅडॉक्स या अमेरिकी विनाशिकेवर हल्ला केला. ४ ऑगस्टच्या रात्री दुसरा हल्ला झाल्याचं सांगण्यात आलं. तो झालाच नव्हता. अमेरिकी नौकांच्या पथकाचे प्रमुख हेरिक यांनी त्याच दिवशी तारेने कळवलं होतं, की हवामानामुळे रडारवर भलतंच काही दिसलं असावं, नीट तपासल्याशिवाय पुढे काही करू नये. तरी त्या रात्री जॉन्सन टीव्हीवर आले आणि बॉम्बहल्ल्याचा आदेश दिल्याचं त्यांनी देशाला सांगितलं. ७ ऑगस्टला अमेरिकी काँग्रेसने अध्यक्षांना आग्नेय आशियात वाटेल ती लष्करी कारवाई करण्याची मुभा दिली. प्रतिनिधिगृहात तासाभराच्या आत काम उरकलं, ४१६ विरुद्ध शून्य. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग या दोघांनी नकार दिला. एका उपाहारगृहात कुणी कुठे बसून जेवायचं याचा निर्णय करायला ज्या काँग्रेसला महिने लागले, तिने युद्धाचा निर्णय दोन दिवसांत केला. हे जॉन्सन यांना हवं होतं. ठरावाचा मसुदा त्यांच्या अधिकाऱ्यांनी हल्ल्याच्या कितीतरी आधी तयार करून ठेवला होता.

मग व्हिएतनामबद्दल त्यांना खात्री होती का? नव्हती. २७ मे १९६४ रोजी त्यांनी रसेल आणि सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी या दोघांशी टेलिफोनवर केलेली बोलणी ध्वनिमुद्रित आहेत आणि ती कुणालाही ऐकता येतात. हे युद्ध लढण्यालायक वाटत नाही आणि बाहेर पडायचीही वाट दिसत नाही, असं ते बंडींना सांगतात. आपल्या कर्मचाऱ्यांतल्या एका सार्जंटला सहा मुलं आहेत, त्याला तिथे कशासाठी पाठवायचं, असा प्रश्न ते स्वतःलाच विचारतात. हे ऐकल्यावर त्यांच्याबद्दल कणव वाटते. पण अध्यक्षाला कळत नव्हतं हा बचाव मात्र त्यानंतर उरत नाही.

कळूनही ते का गेले, याचं उत्तर त्यांनी नंतर स्वतःच दिलं. १९४९ मध्ये चीन साम्यवाद्यांच्या हाती गेला आणि चीन कुणी घालवला या ओरड्यात ट्रूमन यांचं देशांतर्गत धोरण कोलमडलं, घरोघरी साम्यवादी शोधणाऱ्या मॅकार्थीवादाचं पेव फुटलं. व्हिएतनाम गेलं तर त्याहून वाईट वादळ उठेल आणि शाळा, दवाखाने, मताधिकार हे सगळं वाहून जाईल, ही जॉन्सन यांची भीती होती. आणि युद्ध उघडपणे पुकारलं, तरी काँग्रेसमधले पुराणमतवादी सुधारणांचे पैसे तोडतील. विल्सन, रूझवेल्ट, ट्रूमन या तिन्ही अध्यक्षांच्या सुधारणा युद्धाने अडवल्या, हे त्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी तिसरा मार्ग काढला. युद्ध लढायचं, पण ते लढतोय असं दिसू द्यायचं नाही.

भीती खरी होती, पण तिचा आकार त्यांनी फुगवला. नोव्हेंबर १९६४ च्या निवडणुकीत त्यांना ६१ टक्के मतं मिळाली होती, रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांची धूळधाण झाली होती. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट पक्षाचे २९५, सिनेटमध्ये ६८. फेब्रुवारी १९६५ मध्ये उपाध्यक्ष हम्फ्री यांनी लेखी टिपण दिलं, की उजव्यांच्या दबावाची फिकीर न करता व्हिएतनामचा प्रश्न हाताळता येईल असं हे पहिलंच वर्ष आहे, या युद्धामागे जनता फार काळ उभी राहणार नाही. जॉन्सन यांनी त्यांना पुढच्या बैठकांतून दूर ठेवलं. परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल यांनीही पुन्हा पुन्हा बजावलं. सल्ला नव्हता असं नाही. तो ऐकायचा नव्हता.

१९६५ चा मार्च या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ७ तारखेला अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या मोर्च्यावर राज्य पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. कवटी फुटलेल्या अवस्थेत मोर्च्याचे एक नेते जॉन लुइस चर्चमध्ये परतले आणि म्हणाले, अध्यक्षांना व्हिएतनामला फौज पाठवता येते, मग सेल्माला का नाही? दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, अमेरिकी मरीन सैनिकांच्या दोन बटालियन दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगला उतरल्या. १५ तारखेला जॉन्सन काँग्रेससमोर उभे राहिले आणि चळवळीच्या घोषणेचेच शब्द त्यांनी उच्चारले. अमेरिकेच्या अध्यक्षाने इतक्या निःसंदिग्धपणे कृष्णवर्णीयांची बाजू घेतल्याचं दुसरं उदाहरण त्या शतकात शोधावं लागेल. दा नांगबद्दल असं भाषण कधी झालंच नाही. एप्रिलमध्ये तिथल्या सैनिकांचं काम बदललं, तळाची राखण सोडून त्यांनी चढाई करावी असं ठरलं, आणि या बदलाची वाच्यता करू नये असा लेखी आदेश निघाला.

जुलैमध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी राखीव दलं बोलवावीत अशी शिफारस केली. खर्चासाठी करवाढ लागेल हेही त्यांना दिसत होतं. मेडिकेअर आणि मताधिकाराची विधेयकं नेमकी त्याच वेळी शेवटच्या टप्प्यात होती. जॉन्सन यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या, कारण दोन्हींसाठी काँग्रेसमध्ये उघड चर्चा झाली असती. २८ जुलैची ती दुपार अशी ठरली.

या युक्तीने विधेयकं वाचली, हे मान्य करायला हवं. आणि ती मोठी होती. मिसिसिपीत १९६५ पूर्वी कृष्णवर्णीय प्रौढांपैकी सुमारे ७ टक्के मतदार म्हणून नोंदलेले होते; दोन वर्षांत ते प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेलं. मेडिकेअरचा पैसा हवा तर वॉर्ड वेगळे ठेवता येणार नाहीत, ही अट घातल्यावर दक्षिणेतल्या हजारभर रुग्णालयांनी काही महिन्यांत गोरे-काळे भेद मोडीत काढले. जे काम न्यायालयांना दशकभर जमलं नव्हतं ते अनुदानाच्या अटीने केलं.

मराठी घरांपर्यंतही या वर्षाचे धागे येतात. ऑक्टोबर १९६५ मध्ये जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. तोवर भारतीयांसाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. त्यानंतर मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली तरुण पिढी शिकागो, न्यू जर्सी, डेट्रॉइटकडे निघाली. मेडिकेअरमुळे रुग्णालयांत गर्दी वाढली होती, डॉक्टर हवेच होते. दुसरा धागा कडवट आहे. १९६५-६६ च्या दुष्काळात रेशनवर आलेली मिलो ज्वारी आणि पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदतीचा गहू ज्यांनी खाल्ला, त्यांना जॉन्सन यांचा हात आखडता कसा असतो हे ठाऊक आहे. गव्हाची जहाजं ते महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत, कधी रोखून धरत. भारताने शेतीकडे लक्ष द्यावं हा एक हेतू होता. उत्तर व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल दिल्ली बोलते याचा रागही होता. पहिल्या हेतूबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं असेल. पण भुकेल्या देशाच्या ताटाशी युद्धावरचं मत जोडणं हे कोटुलाच्या शिक्षकाला शोभणारं नव्हतं.

झाकलेला खर्च किती काळ झाकणार? १९६५ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये एक लाख ८४ हजार अमेरिकी सैनिक होते, १९६७ च्या अखेरीस चार लाख ८५ हजार. कर न वाढवता एवढं युद्ध चालवल्याने महागाई चढली. अखेर १९६७ मध्ये जॉन्सन यांनी प्राप्तिकरावर अधिभार मागितला, तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचे प्रमुख विल्बर मिल्स यांनी किंमत सांगितली: आधी खर्च कापा. मेडिकेअरला आकार देणारे हेच मिल्स. जून १९६८ मध्ये अधिभार मिळाला तो सहा अब्ज डॉलरच्या कपातीसह. ज्या व्यवहाराला घाबरून १९६५ मध्ये सत्य दडवलं, तोच व्यवहार तीन वर्षांनी करावा लागला, आणि तोही लोकांचा विश्वास गेल्यावर, हातात बहुमताचा जोर नसताना. १९६६ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या ४७ जागा गमावल्या होत्या.

तो जोर कसा ओसरला हे एका लहानशा विधेयकावरून दिसतं. शहरांतल्या गरीब वस्त्यांत उंदीर पाळण्यातल्या बाळांना चावत. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी सरकारने दोन वर्षांत चार कोटी डॉलर मागितले. २० जुलै १९६७ रोजी प्रतिनिधिगृहात उंदरांवर विनोद झाले, सदस्य खदखदून हसले आणि २०७ विरुद्ध १७६ मतांनी विधेयक चर्चेलाही न घेता फेटाळलं गेलं. तीन दिवसांनी डेट्रॉइट पेटलं. ४३ माणसं मेली. युद्धावर त्या काळात वर्षाला वीस अब्जांहून अधिक डॉलर खर्च होत होते.

गरिबांना युद्धातला वाटा मात्र पुरेपूर मिळाला. कॉलेजात शिकणाऱ्याला भरतीतून सूट होती. १९६६ मध्ये मॅकनमारा यांनी लष्कराच्या चाचणीत नापास होणाऱ्या तरुणांना घ्यायला सुरुवात केली. त्यांना शिक्षण मिळेल, हाताला कौशल्य मिळेल असं सांगितलं गेलं, गरिबीविरोधी मोहिमेचीच भाषा वापरली गेली. तीन लाखांहून अधिक मुलं या वाटेने सैन्यात गेली. त्यात कृष्णवर्णीयांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याच्या कितीतरी पट होतं. सुधारणेचा शब्द युद्धाच्या कामाला जुंपण्याचं याहून वाईट उदाहरण त्या कारकिर्दीत नाही. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग यांनी हेच बोलून दाखवलं आणि अध्यक्षांशी असलेला दुवा तोडला. मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपलं, चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनीही कान टोचले. बरोबर वर्षाने मेम्फिसमध्ये त्यांचा खून झाला.

त्याआधी चारच दिवस, ३१ मार्च १९६८ रोजी, जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं होतं. व्हिएतनाममध्ये टेट सणाच्या वेळी साम्यवादी फौजांनी केलेल्या हल्ल्याने विजय जवळ आल्याचे सरकारी दावे उघडे पाडले होते. तरी किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याच्या आत त्यांनी घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा संमत करून घेतला. त्यांची जिद्द शेवटपर्यंत शिल्लक होती, म्हणूनच १९६५ मधल्या त्यांच्या निवडीबद्दल हळहळ वाटते. व्हिएतनाममधून माघार घेतो असं सांगून टीकेचं वादळ अंगावर घेण्याची ताकद त्या वर्षी अमेरिकेत कुणाकडे असेल, तर ती याच माणसाकडे होती.

दोष एकट्या जॉन्सन यांच्यावर टाकून काँग्रेसला मोकळं सोडता येत नाही. टोंकिनचा ठराव सिनेटमध्ये नेणारे विल्यम फुलब्राइट दीड वर्षात पस्तावले आणि १९६६ मध्ये त्यांनी युद्धावर जाहीर सुनावण्या घेतल्या; त्या टीव्हीवर दाखवल्या गेल्या, लाखो लोकांनी पाहिल्या. त्याच सुनावण्या ऑगस्ट १९६४ मध्ये झाल्या असत्या, तर हेरिक यांची तार त्याच आठवड्यात सिनेटरांच्या हाती पडू शकली असती. मोर्स यांनी तेव्हाच सरकारच्या सांगण्यावर शंका घेतली होती. काँग्रेसने तो ठराव जानेवारी १९७१ मध्ये रद्द केला, तोवर पन्नास हजारांहून अधिक अमेरिकी आणि त्याच्या कितीतरी पट व्हिएतनामी मेले होते. मोर्स आणि ग्रुएनिंग यांनी आपापल्या जागा १९६८ मध्येच गमावल्या होत्या. आणि सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर, अध्यक्षांना लष्करी बळाची मोकळीक देणारा नवा ठराव आला, तेव्हा प्रतिनिधिगृहाने तो ४२० विरुद्ध १ असा संमत केला. तो आधार सांगून पुढच्या अध्यक्षांनी येमेन आणि सोमालियापर्यंत हल्ले केले, आणि त्यांपैकी कुठल्याही देशासाठी सिनेटमध्ये १९६४ च्या नागरी हक्क विधेयकावरच्या त्या तीन महिन्यांसारखी चर्चा झाली नाही.